काकूंची सरासरी

रक्त तपासणीच्या कामासाठी माणसं तयार करणारी ती संस्था एका मोठ्या इस्पितळाच्या मागच्या अंगाला होती. खाली औषधांचं गोदाम, वर दोन वर्ग आणि एक प्रयोगशाळा. वर्गातली सगळी पोरं-पोरी विशीच्या आतबाहेरची, आणि त्यांच्यात एकट्या काकू चव्वेचाळिशीच्या. पहिल्या दिवशी त्या दारातून आत आल्या तेव्हा अर्धा वर्ग बाई आल्या समजून उठून उभा राहिला. काकू गुपचूप मागच्या बाकावर जाऊन बसल्या, तेव्हा सगळे खो खो हसले. त्याच हसण्यात त्यांचं नाव 'काकू' पडलं ते पडलंच.

त्याआधी कित्येक वर्षं त्या एका छापखान्यात पुस्तकं शिवायचं काम करत होत्या. नवरा लेक लहान असतानाच गेला. पुढे छापखानाही बंद झाला. मग दोन-तीन ठिकाणी हातपाय मारून झाल्यावर त्यांनी हा वर्षाचा अभ्यासक्रम धरला. "सुईची सवय आहे म्हणता ना? मग तुम्हाला हे डाव्या हातचा मळ," असं प्रवेश घेताना कारकून म्हणाला होता. पण पुठ्ठ्यात सुई घातली तर पुठ्ठा 'आई गं' म्हणत नाही. पहिल्या चाचणीला समोरच्या मुलीच्या दंडाला रबरी पट्टा बांधून काकूंनी सुई उचलली, मुलीने डोळे घट्ट मिटले, आणि मुलीच्या आधी काकूच आडव्या झाल्या. डोळे उघडले तेव्हा सगळा वर्ग त्यांच्यावर वाकून वारा घालत होता.

"शून्य," सर म्हणाले, आणि लिहिलं.

प्रात्यक्षिक शिकवणाऱ्या या सरांना मुलं पाठीमागे 'कात्री' म्हणायची. नळीवरचं लेबल तिरकं लागलं, अर्धा गुण कापला. हातमोजे घालायच्या आधी हात धुतले नाहीत, एक कापला. पेशंटला नाव विचारायचं राहिलं, दोन. पण माणूस वाईट नव्हता. त्यांच्या आधी प्रात्यक्षिकाचे गुण वर्षाच्या शेवटी 'एकूण मत' म्हणून दिले जायचे. हे एकूण मत कुणाचा मामा कुठे ओळखीचा आहे त्यावर ठरतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सरांनी आल्या आल्या ते बंद केलं. दर महिन्याला एक चाचणी, दहा गुण, गुण त्याच दिवशी फळ्यावर. शेवटी सगळ्यांची बेरीज, निम्मे मिळाले तर पास. त्यात तोंड बघणं नाही की वशिला नाही. सरांना या पद्धतीचा अभिमान होता, आणि तो खोटाही नव्हता.

संस्थेचा आणखी एक नियम होता. दर महिन्याच्या गुणपत्रकावर पालकाची सही लागायची. काकूंनी कारकुनाला विचारलं, "माझे पालक कोण?" कारकून म्हणाला, "घरातलं कुणीही चालेल." घरात होती अकरावीतली लेक. तिने पहिलं गुणपत्रक दोन बोटांत धरून आईसमोर नाचवलं.

"शून्य? आई, अगं शून्य? मला कधी शून्य मिळालं असतं तर तू घरात घेतलं असतंस का?"

"सही कर आणि गप्प बस."

"गप्प कशी बसू? मी पालक आहे," लेक म्हणाली आणि सही करता करता हसत सुटली. काकूंनाही हसू आवरेना.

पण आतून त्यांना हसू येत नव्हतं. दुसऱ्या महिन्यात एक गुण. तिसऱ्यात पुन्हा शून्य; सुई शिरेत गेली खरी, पण काकूंनी ती घाबरून लगेच बाहेर ओढली आणि समोरच्या मुलाचा हात काळानिळा झाला. चौथ्यात दोन. फळ्यावर त्यांच्या नावापुढे हे आकडे ओळीने उभे असायचे. त्याच फळ्यावर सगळ्यात वर असायची वर्गातली एक सडपातळ, चष्मेवाली मुलगी. तिला तोवर नऊच्या खाली कधी मिळालेच नव्हते, म्हणून तिला सगळे 'टॉपर' म्हणत. टॉपर काकूंशी गोड बोलायची, पण चाचणीला जोडीदार निवडायची वेळ आली की नेमकी दुसरीकडे बघायची. तिला तरी कसा बोल लावणार?

चौथ्या चाचणीनंतर काकूंनी एक गोष्ट केली. इस्पितळात सकाळी रक्त घेण्याची एक खोली होती. तिथल्या मुख्य सिस्टरकडे त्या गेल्या आणि म्हणाल्या, "मला काही करू देऊ नका. नुसतं उभं राहू द्या."

सिस्टर जाड भिंगांच्या चष्म्याची, करकरीत आवाजाची बाई. "उभं राहून काय करणार?"

"बघणार."

"मग नुसत्या खांबासारख्या उभ्या राहू नका. पेशंटचा दुसरा हात धरा. निम्म्यांना तेवढंच हवं असतं."

मग वर्ग भरायच्या आधी काकू रोज तिथे जाऊ लागल्या. लोकांचे हात धरले. कुणी म्हातारा सुई दिसली की राजकारणावर बोलायला लागायचा, कुणी बाई श्वास कोंडून बसायची, एक दांडगा गडी तर खुर्चीवर बसायच्या आधीच रडकुंडीला यायचा. काकूंच्या लक्षात आलं की घाबरणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. आपण काही वेगळ्या नाही. आपल्या भीतीतून त्यांचं लक्ष दुसऱ्याच्या भीतीकडे वळलं आणि सुईची धास्ती ओसरली. पाचव्या चाचणीला वर्गातल्या एका वात्रट मुलाने बाही वर करून त्यांच्यासमोर हात ठेवला. "काकू, बिनधास्त टोचा. माझा विमा काढलेला आहे." त्या दिवशी नळीत रक्त सरसर चढलं. काकू इतक्या खूश झाल्या की लेबल लावायचं विसरल्या. सरांनी त्याचे दोन आणि बाकी चुकांचे चार गुण कापले, तरी चार मिळाले.

पुढच्या महिन्यात पाच. मग सात. शेवटच्या तिन्ही चाचण्यांत नऊ, नऊ, नऊ. तोवर असं झालं होतं की लहान मुलांच्या वॉर्डातून निरोप यायचा, "त्या काकू आहेत का? त्यांना पाठवा."

वर्ष संपत आलं. निकालाला आठवडा उरला असताना सरांनी शिक्षकांच्या खोलीत बसून बेरजा केल्या. काकूंच्या नावापुढे शंभरपैकी शेहेचाळीस आले. त्यांनी परत बेरीज केली. परत शेहेचाळीस. पास व्हायला पन्नास लागत होते.

चार गुण. कुठल्याही महिन्यात एखाददुसरा आकडा फिरवला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. सरांनी पेन उचललंही, मग त्यांना स्वतःचाच राग आला. आज यांच्यासाठी आकडा फिरवला, तर उद्या कुणाच्या मामाला कुठल्या तोंडाने नाही म्हणायचं? त्यांनी पेन खिशाला लावलं आणि काकूंना बोलावून खरं ते सांगून टाकलं.

काकूंनी ऐकून घेतलं. "बरं," एवढंच म्हणाल्या आणि घरी गेल्या.

घरी लेकीने आकाशपाताळ एक केलं. "तू आता पोहतेस ना? मग आधी गटांगळ्या खाल्ल्या होत्यास म्हणून तुला पोहता येत नाही असं लिहून देणार? मी येते उद्या. पालक म्हणून येते. बघतेच त्या कात्रीला!"

"कात्री नाही म्हणायचं. सर आहेत ते. आणि तू कुठेही येत नाहीस," काकू म्हणाल्या. "सगळ्यांना जो नियम, तोच मला."

तरी त्या दुसऱ्या दिवशी सरांकडे गेल्याच. सर मनातून धास्तावले. आता या रडणार, नाहीतर भांडणार, असं त्यांना वाटलं. दोन्हींतलं काही झालं नाही. काकू खुर्चीच्या कडेला बसल्या, मांडीवर पर्स, त्यावर दोन्ही हात.

"सर, मला पुढचं विचारायचं होतं. मी पुढच्या वर्षी परत बसले तर चालेल ना?"

"चालेल की."

"तर मग मला आत्तापासून सांगून ठेवा, मी पुढच्या वर्षी नक्की काय शिकू? म्हणजे माझं कच्चं काय आहे? ते मी सुट्टीत करून ठेवते."

काकूंनी हे खोचून विचारलं नव्हतं. खरोखर माहिती हवी म्हणूनच विचारलं होतं. सरांनी समोरचं गुणपत्रक उचललं. वरून खाली बघितलं, खालून वर बघितलं. शिरा शोधणं? येतं. हात धुणं, नाव विचारणं, नळ्या भरायचा क्रम, लेबल? येतं. घाबरलेल्या पेशंटला बोलतं करणं तर बाकी वर्गाने यांच्याकडून शिकावं. कच्चं काय, हे सांगायला सरांनी तोंड उघडलं आणि त्यांना एकही शब्द सापडला नाही.

"उद्या सांगतो," ते कसेबसे म्हणाले.

काकू गेल्यावर ते तडक प्राचार्यबाईंच्या खोलीत गेले. प्राचार्यबाई निवृत्तीला आलेल्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि टेबलावरचा चहा सरांकडे सरकवला.

"पद्धत तुमचीच ना?"

"माझीच. आणि मी ती मोडणार नाही. तोंड बघून गुण द्यायचे नाहीत, हे मी आजही म्हणतो," सर म्हणाले. "पण माझी बेरीज वर्षभरातल्या दहा वेगवेगळ्या बायकांची झालीय. त्यातली पहिली सुई बघून आडवी पडते आणि शेवटची मुलांच्या वॉर्डाला हवी असते. उद्या पेशंटसमोर जाणार आहे ती शेवटची. आणि मी प्रमाणपत्रावर लिहिणार आहे, की हिला येत नाही. हे खोटं आहे, बाई. नियमाने लिहिलेलं असलं तरी खोटंच आहे."

"मग काय करायचं म्हणता?"

"शेवटी जे येतं, ते धरायचं."

"एकट्या तिच्यासाठी?"

"नाही. सगळ्यांसाठी."

प्राचार्यबाईंनी मान डोलावली. "आता बोललात. एकीसाठी नियम वाकवला तर तो वशिलाच. बदलायचा तर निकालाच्या आधी, सगळ्यांना सांगून, आणि लेखी. परीक्षा मंडळाला मी फोन करते."

मंडळातल्या माणसाने सांगितलं, प्रात्यक्षिकाचं मूल्यमापन संस्थेनेच ठरवायचं असतं, फक्त वर्गात सगळ्यांना एकच माप हवं. सरांनी दुपारी वर्गात जाहीर केलं. या आठवड्यात प्रत्येकाने खऱ्या पेशंटचं रक्त घेऊन दाखवायचं. दिवसाचं नशीब आड येऊ नये म्हणून दोन वेळा संधी, त्यातली चांगली धरायची. तपासणार मुख्य सिस्टर, ज्यांना कुणाचे आधीचे गुण माहीत नाहीत. ज्याला जमेल त्याला श्रेणी. ज्याला जमणार नाही त्याच्यापुढे 'नापास' लिहायचं नाही, 'सराव बाकी' लिहायचं, नेमका कशाचा ते लिहायचं, आणि त्याने महिनाभराने येऊन तेवढंच दाखवायचं.

वर्गात एकच गलका झाला. वात्रट मुलाने बाक वाजवला. टॉपर मात्र उठून उभी राहिली. 

"सर, हे बरोबर नाही. मी पहिल्या दिवसापासून मेहनत केलीय. शहात्तर आहेत माझे. ते सगळे पाण्यात गेले? आता एका हातावर ठरवणार?"

मुलगी चुकीचं बोलत नव्हती, हे सरांना कळत होतं. "मेहनत पाण्यात जात नाही," ते म्हणाले. "ती हातात असते. असेल तर दिसेल." मग म्हणाले, "आणि तुझ्यावर हे मध्येच आलं, हे मला कबूल आहे. वर्षाच्या सुरुवातीलाच सुचायला हवं होतं. सुचलं नाही."

टॉपरला खरी भीती वेगळीच होती. ती फळ्यावर सगळ्यांना दिसत होती, पण तिकडे कुणी बघितलं नव्हतं. तिचे नऊ आणि दहा होते ते सुरुवातीचे. नंतर आठ, मग सहा, मग पाच. पहिला नंबर पक्का झाल्यावर ती इस्पितळात सरावाला जायचीच बंद झाली होती. बेरीज एवढी भरभक्कम होती की खालचे आकडे तिच्या आड लपून गेले होते.

संध्याकाळी काकू प्रयोगशाळेत विसरलेली छत्री घ्यायला आल्या, तर टॉपर एकटीच सरावाच्या रबरी हातावर सुई टोचत बसली होती. डोळे लाल झाले होते. काकूंनी छत्री बाजूला ठेवली, स्टूल ओढलं आणि बाही वर केली.

"रबराला काय विचारतेस? त्याला कुठे दुखतंय? घे."

"नको काकू, तुम्हाला लागेल."

"तिसऱ्या महिन्यात मी त्या पोराचा हात वांग्यासारखा केला होता. कुणीतरी सोसलं म्हणून मला आलं. घे म्हणते ना."

पहिल्यांदा सुई शिरेच्या शेजारून गेली. काकूंनी ओठ दाबले. दुसऱ्यांदाही तेच.

"तू माझ्याकडे बघतच नाहीस, नुसती सुईकडे बघतेस," काकू म्हणाल्या. "आधी बोटाने चाचप. घाई कुणाला आहे? मला आज घरी लेकीची बोलणी खायची आहेत, मला तर उशीरच हवाय."

टॉपर रडता रडता हसली. तिने चष्मा पुसला, बोटाने शीर चाचपली, मग पुन्हा एकदा चाचपली. तिसऱ्या वेळी नळीत रक्त आलं.

पट्टा सोडता सोडता तिने विचारलं, "काकू, नव्या नियमात तुम्ही माझ्या वर जाल कदाचित. माहितीय ना?"

"नंबर गेला तर जाऊ दे गं. शीर जाता कामा नये," काकू म्हणाल्या आणि कापसाचा बोळा दाबून धरला.

चाचणीच्या दिवशी काकूंच्या वाट्याला एक आजोबा आले. बरेच दिवस आजारी, हातांची कातडी कागदासारखी, शिरा शोधून सापडत नव्हत्या. सिस्टर शेजारी कागद घेऊन उभी, चेहऱ्यावरची रेषही हलत नव्हती. सर दाराबाहेर. आत यायची त्यांनी स्वतःलाच बंदी घातली होती.

काकूंनी नाव विचारलं, हात धुतले, मोजे घातले. उजव्या हाताला बराच वेळ चाचपलं आणि सुई घातली. रक्त आलं नाही.  सुई तिथेच इकडेतिकडे फिरवून बघायचा मोह कुणालाही झाला असता. काकूंनी ती अलगद बाहेर काढली आणि बोळा ठेवला.

"आजोबा, मला नाही सापडली. तुम्हाला उगाच टोचलं. दुसरा हात बघू का, की सिस्टरना सांगू?"

आजोबांनी त्यांच्याकडे बघितलं. "तुम्हीच बघा," ते म्हणाले. "निदान विचारता तरी."

डाव्या हातावर गरम पाण्याची पिशवी ठेवून काकू थांबल्या. आजोबा नातवाचं काहीतरी सांगू लागले, काकू हं हं करत राहिल्या, आणि त्या गोष्टीच्या मध्येच कधी सुई आत गेली ते आजोबांना कळलंही नाही. नळी भरली. लेबल सरळ लागलं.

सिस्टरने कागदावर लिहिलं: पहिला प्रयत्न चुकला. वेळीच थांबल्या. पेशंटला खरं सांगितलं. श्रेणी ब.

दुसऱ्या संधीचा हक्क काकूंना होता. त्यांनी ती घेतली नाही. "ब पुरे," त्या म्हणाल्या. "आजोबांच्या हाताने मिळालाय." टॉपरने मात्र दोन्ही संधी घेतल्या. पहिली बिघडली, दुसरीत तिला अ मिळाला. अ आणखी चौघांना मिळाला, त्यामुळे पहिला नंबर असं काही राहिलंच नाही. आपल्याला कमालीचं वाईट वाटेल असं तिला वाटलं होतं, तसं ते वाटलं नाही, याचंच तिला नवल वाटलं. वात्रट मुलापुढे 'सराव बाकी: नळ्यांचा क्रम' असं आलं. एरवी काठावर पास होऊन तो तसाच पुढे गेला असता. महिन्याभराने तो आला, नळ्यांचा क्रम घडाघडा म्हणून दाखवला, क श्रेणी घेतली, आणि क-चा ब करून घेता येईल का, हेही विचारून गेला.

सगळंच काही सुरळीत झालं नाही. एका मुलाचे वडील भांडायला आले. त्यांना श्रेणी नको होती, आकडा हवा होता, कारण आकडा नातेवाइकांना सांगता येतो. सरांचं काम दुप्पट झालं. नव्या तुकडीसाठी प्रत्येक कौशल्याखाली 'येतं' आणि 'बाकी' असे रकाने आखता आखता त्यांची मान आखडायची, आणि ते प्राचार्यबाईंकडे कुरकुर करायचे की बेरीज कितीतरी सोपी होती. "मग जा परत बेरजेकडे," बाई म्हणायच्या. सर जायचे नाहीत. लेबल तिरकं लागलं की अजूनही ते त्याखालचं 'येतं' कापायचेच. फक्त आता ज्याला सरळ लावायला जमेल त्याला ते परत मिळायचं.

काकूंना त्याच इस्पितळात, सकाळच्या पाळीत काम मिळालं. सिस्टरने स्वतःच त्यांचं नाव सुचवलं होतं. पाळी सोमवारपासून सुरू होणार होती आणि काम सगळं उभ्याने करायचं, म्हणून शनिवारी मायलेकी बूट घ्यायला बाजारात गेल्या. लेकीला पांढरे हवे होते, कारण इस्पितळात पांढरेच शोभतात. काकूंना काळे हवे होते, कारण पांढरे रोज घासणार कोण? दुकानातल्या माणसाने बिचाऱ्याने दोन्ही रंग काढून ठेवले आणि तो पंख्याखाली जाऊन उभा राहिला.

"आई, आयुष्यात एकदा तरी कुणाचं ऐक."

"वर्षभर ऐकलंच की सगळ्यांचं."

शेवटी काकूंनी एका पायात पांढरा आणि एका पायात काळा बूट घातला, नाड्या बांधल्या, आणि दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून बघितलं. मग वळल्या आणि परत आल्या, थोडं जास्त झपझप.

"पांढरा हलका आहे," त्या म्हणाल्या. "द्या."